शाळेत मुलाचा छळ होतोय आणि शाळा म्हणते ‘मिटवलंय’. आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातल्या एका ताईंचा मुलगा सातवीत आहे. शाळेच्या व्हॅनमधली चार मुलं जूनपासून त्याला एका घाणेरड्या टोपणनावानं हाक मारतात, डबा काढून घेतात, दोनदा चष्मा लपवला. वर्गशिक्षकांनी पाचही जणांना बोलावून ‘सॉरी’ म्हणायला लावलं, हात मिळवायला लावले आणि ‘मिटवलंय, काळजी करू नका’ असं घरी कळवलं. पुढच्या आठवड्यात त्रास वाढला. आता मुलगा रोज सकाळी ‘पोट दुखतंय, शाळेला जात नाही’ म्हणतो. वडिलांचं म्हणणं, तालमीत घालू या, एकदा दणका दिला की सगळे गप होतील. त्या चौघांतल्या एकाची आई ताईंच्या ओळखीची आहे. तिच्याशी बोलावं का, हेही विचारलंय.

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेऊ. त्या आईशी आत्ता बोलू नका. ओळखीतून गेलेली तक्रार बहुतेक घरांत रात्री दोन थोबाडीत होऊन उतरते आणि तिची वसुली दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये तुमच्या मुलाकडून होते. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर एक अक्षरही टाकू नका. अर्ध्या तासात दोन गट पडतात आणि ज्यांना ते टोपणनाव माहीत नव्हतं त्यांनाही ते कळतं. त्या घरी फोन जायचा तो मुख्याध्यापकांच्या खोलीतून.

वर्गशिक्षकांचा हेतू वाईट नव्हता, पद्धत चुकली. चौघांसमोर एकट्याला उभं करून ‘काय रे, काय त्रास आहे तुला?’ विचारलं तर तो ‘काही नाही सर’ म्हणणार, नाहीतर अर्धंच सांगणार. त्या चौघांना मात्र त्यातून दोन गोष्टी पक्क्या कळतात: यानं आपली नावं सांगितली, आणि सांगूनही आपलं काही बिघडत नाही. त्रास वाढला तो यामुळं.

हात मिळवून मिटवणं बरोबरीच्या भांडणाला चालतं. छळाचं तसं नाही. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि छळाच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि दोन बाजूंच्या ताकदीत फरक असलेलं. ताकद म्हणजे नुसते दंड नव्हेत. चार विरुद्ध एक ही ताकद, आठवी विरुद्ध सहावी ही ताकद, जात, बापाचं वजन, घरात इंग्रजी असणं, तोतरेपणा नसणं, हीसुद्धा ताकदच. आपल्याकडं पोरं एकमेकांची खेचतातच. फुटबॉलचा सीझन सुरू झाला की पेठेपेठेतली मंडळं एकमेकांना काय काय बोलतात ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. पण तिथं दोन्हीकडून सारखं बोललं जातं. घरी फरक ओळखायला दोन प्रश्न पुरतात: ज्याला बोललं जातं तो तसंच उलटून बोलू शकतो का? आणि ‘बास’ म्हटल्यावर ते थांबतं का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर त्याला मस्ती म्हणू नका, शाळेलाही म्हणू देऊ नका.

आता पोटदुखी. ती खोटी नसते. भीतीनं खरोखर पोटात कळ येते, मळमळतं, जुलाब होतात. तिचं वेळापत्रक बघा: रविवारी संध्याकाळी सुरू, व्हॅन निघून गेली की तासाभरात गायब, सुट्टीत पत्ता नाही. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ असं काही असेल तर कारण वेगळं असू शकतं. नसेल तर दर आठवड्याला नवं औषध आणू नका.

आणखी एक गोष्ट रोज संध्याकाळी बघा, पाण्याची बाटली. भरून दिलेली बाटली तशीच भरलेली परत येत असेल आणि मुलगा दप्तर टाकून थेट संडास-बाथरूमकडं पळत असेल, तर शाळेचं स्वच्छतागृह त्याला धोक्याचं वाटतंय. मुलं लघवी लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. मग डोकं दुखतं, बद्धकोष्ठता होते, मुलींना लघवीचा संसर्ग होतो. डबा रिकामा आणि तरी आल्या आल्या भूक, पेन-कंपास सारखे हरवणं, शर्टाचं एकच बटण पुन्हा पुन्हा तुटणं, लहान वयात परत अंथरूण ओलं होणं, याही खुणा आहेत. एकेकटी खूण काही सिद्ध करत नाही. तीन-चार एकत्र आल्या की विचारायचं.

विचारायचं कसं, यातच बहुतेक घरं चुकतात. समोर बसवून ‘खरं सांग’ म्हटलं की मूल मिटतं. नजर नजरेला भिडत नाही अशी वेळ निवडा: गाडीवर मागं बसलेला असताना, मटार सोलताना, रात्री दिवा मालवल्यावर. पहिला प्रश्न जागेचा असू दे, नावाचा नको. ‘शाळेत कुठं जायला नको वाटतं?’ याचं उत्तर मिळतं, ‘कोण मारतं?’ याचं मिळत नाही. मग एका कागदावर शाळेचा आणि व्हॅनचा नकाशा त्याला काढू द्या. बरं वाटतं तिथं हिरवा खडू, नको वाटतं तिथं लाल. दहा मिनिटांत तुमच्या हातात असं काही येतं जे तासभर उलटतपासणी करून आलं नसतं. लाल खुणा बहुतेक ठरलेल्या असतात: जिना, स्वच्छतागृह, मैदानाचा शिक्षक-खोलीतून न दिसणारा कोपरा, घंटा झाल्यापासून व्हॅन सुटेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं, आणि व्हॅनची सगळ्यात मागची सीट.

त्याला ‘तू गप्प का बसलास?’ हा प्रश्न अजिबात नको. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, ते मोडावं लागणार आहे. त्याऐवजी सरळ सांगा: ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. मी शाळेशी बोलणार आहे, पण काय बोलणार ते आधी तुला सांगीन.’ यातलं शेवटचं वाक्य फार कामाचं. छळात मुलाच्या हातातून सगळं सुटलेलं असतं. आईबापांनीही त्याला न विचारता धावपळ केली की ते आणखी सुटतं.

वडिलांच्या तालमीच्या कल्पनेबद्दल. तालीम, ज्युदो, फुटबॉल, काहीही चांगलंच. तिथं त्याला त्या टोपणनावानं कुणी ओळखत नाही, शरीरावर भरवसा येतो, आणि चांगला वस्ताद पहिल्याच दिवशी सांगतो की इथलं बाहेर वापरायचं नाही. पण ‘एकदा दे ठेवून’ हा उपाय म्हणून घेऊ नका. चौघांपुढं एक दणका टिकत नाही, दात पडला तर चौकशी तुमच्या मुलाची होते, आणि मूल एका धोकादायक गटात जातं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १,४२० मुलांना लहानपणापासून तरुणपणापर्यंत पाहिलं होतं. ज्यांचा छळ झाला त्यांना मोठेपणी चिंताविकार जास्त दिसले. पण जी मुलं छळ सोसत होती आणि स्वतःही इतरांना छळत होती, त्यांच्यात नैराश्य, पॅनिक आणि आत्महत्येचे विचार यांचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. मुलाला प्रतिकार शिकवायचाच तर आवाजाचा शिकवा: दोन पावलं मागं, मान वर, एकच छोटं वाक्य (‘माझा डबा दे’), आणि लगेच मोठ्या माणसाच्या दिशेनं चालू लागणं. आरशासमोर दहा-बारा वेळा घोटून घ्या. यानं छळ थांबत नाही, फक्त त्या क्षणातून बाहेर पडता येतं. थांबवायचं काम मोठ्यांचंच.

ते काम व्हॅनपासून सुरू करा, कारण तुमच्या मुलाच्या नकाशात सगळ्यात लाल तीच जागा असणार. शाळा म्हणेल, ‘व्हॅन खासगी आहे, आमचा संबंध नाही.’ संबंध आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बसचे वेगळे नियम आहेत आणि त्यानुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. व्हॅनमधल्या त्रासाचा अर्ज तिच्या नावे द्या. व्हॅनवाल्या मामांवर चिडू नका. त्यांचे डोळे रस्त्यावर, मागं पंधरा पोरांचा कालवा. त्यांना नेमकं सांगा: हा मुलगा चढताना पहिला आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, म्होरक्या पुढं डाव्या बाजूला, आरशात दिसेल असा, त्याचे तिघे साथीदार वेगवेगळ्या ओळींत. दोन फेऱ्या होत असतील तर म्होरक्याची फेरी बदलणं सगळ्यात चांगलं. ‘तुमच्याच मुलाला दुसरी व्हॅन लावा’ हा सल्ला हमखास येतो. तो मान्य केला तर सोय सोसणाऱ्याची गेली आणि गँग जिथल्या तिथं.

शाळेला तोंडी सांगून झालंय, आता लेखी. आजपासून एका वहीत नोंदी ठेवा: तारीख, वेळ, जागा, कोण, नेमके शब्द, कुणी पाहिलं. विशेषणं नकोत. ‘फार त्रास देतात’ यावर शाळा काही करू शकत नाही, ‘मंगळवारी ५.१० ला व्हॅनच्या मागच्या सीटवर चष्मा काढून घेतला, तो घराजवळ उतरताना परत दिला’ यावर करता येतं. अर्ज एका पानाचा, साधारण असा:

‘मा. मुख्याध्यापक यांस, माझा मुलगा इ. ७ वी ब मध्ये आहे. त्याला चार विद्यार्थ्यांकडून जूनपासून वारंवार त्रास होत आहे. घटनांची तारीखवार यादी जोडली आहे. विनंती: १) व्हॅनमधील बैठक उद्यापासून बदलावी. २) संबंधित विद्यार्थ्यांशी स्वतंत्रपणे बोलावे, माझ्या मुलाला त्यांच्यासमोर बसवू नये. ३) मधल्या सुट्टीत व शाळा सुटताना जिना व स्वच्छतागृहाजवळ शिक्षकांची नेमणूक करावी. ४) केलेली कार्यवाही सात दिवसांत लेखी कळवावी. ५) दोन व चार आठवड्यांनी आढावा घ्यावा.’

दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घेऊन परत आणा. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजायचं.

मुख्याध्यापक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी, चौकशीचा क्रम महत्त्वाचा. सगळ्या भेटी एकाच दिवशी, शक्यतो लागून तासांत उरका, म्हणजे मधल्या सुट्टीत पोरांना बोलणं जुळवायला वेळ मिळत नाही. आधी सोसणारा मुलगा, मग दोन-तीन बघे, मग साथीदार एकेक करून, म्होरक्या सगळ्यात शेवटी. प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं. ‘तू केलंस का?’ असं विचारलं की नकारच येतो आणि मग तो नकार टिकवण्यात पोराची इज्जत अडकते. ‘व्हॅनमध्ये एका मुलाला त्रास होतोय हे आम्हाला माहीत आहे. तू काय पाहिलंस? उद्यापासून तू काय वेगळं करशील?’ असं विचारा आणि उत्तर लिहून घ्या. माहिती कुणाकडून मिळाली हे सांगू नका. जी घटना शिक्षकांनी किंवा व्हॅनवाल्यांनी पाहिली असेल तिच्यावरच बोट ठेवा. आठवड्याने पुन्हा भेट. ही दुसरी भेट बहुतेक शाळा विसरतात, आणि पोरांना ते बरोबर ठाऊक असतं.

बघ्यांकडं मुद्दाम लक्ष द्या. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये दाखवलं की छळात दोनच पात्रं नसतात. साथ देणारे, हसून चेव आणणारे, लांब राहणारे आणि बाजू घेणारे अशी वर्गभर भूमिका वाटलेल्या असतात. कॅनडात मैदानावर कॅमेरे लावून केलेल्या निरीक्षणात (२००१) बाजूच्या मुलांनी मध्ये पडल्यावर ५७ टक्के वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. म्होरक्याला प्रेक्षक लागतात. पण वर्गात ‘भिडा’ म्हणून शिकवू नका, त्यात दुसरं पोर मार खातं. तीनच गोष्टी शिकवा: हसायचं नाही, शूटिंग करायचं नाही, आणि सोसणाऱ्याला काहीतरी निमित्त काढून तिथून उचलायचं: ‘चल की, सर बोलावताहेत.’

त्रास देणाऱ्या मुलाचं काय? तोही मूलच आहे, आणि त्याच्याकडं दुर्लक्ष केलं तर पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी सोसतं. साधारण दोन प्रकारची मुलं दिसतात. एक हुशार, बोलका, शिक्षकांचा लाडका. त्याला माणसं हाताळता येतात आणि त्याची मजा वाटते. दुसरा स्वतः मार खाणारा, बहुतेक घरी. दुसऱ्याच्या बाबतीत घरातली मारहाण, वडिलांची दारू, अभ्यासात मागं पडणं, अतिचंचलता किंवा वाचन-लेखनाची अडचण तपासून घ्यायला हवी. दोघांनाही प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं करणं निरुपयोगी. पहिला त्यातून हिरो होतो, दुसरा सूड धरतो. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ याला बंदी आहे, आणि ती याही मुलाला लागू आहे. शिक्षा छोटी, लगेचची आणि त्याच जागेशी जोडलेली हवी: दोन आठवडे मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या नजरेत राहायचं, व्हॅनमध्ये ठरलेली सीट, आणि रोजचं एक कार्ड ज्यावर प्रत्येक तासाचे शिक्षक सही करतात आणि संध्याकाळी घरचे. चष्मा मोडला असेल तर पैसे घरच्यांनी भरायचे, पण त्यातला काही भाग पोराच्या खाऊच्या पैशातून. दहा दिवस कार्ड चांगलं आलं की मोकळीक एकेक करून परत. माफी तोंडी आणि सक्तीची नको. मागायचीच असेल तर महिन्याभरानं, आणि सोसणाऱ्यानं ‘चालेल’ म्हटल्यावरच.

काही गोष्टी मात्र शाळेच्या पातळीवर मिटवायच्याच नसतात. स्वच्छतागृहात चड्डी ओढणं, गुप्तांगाला हात लावणं, तसला फोटो काढणं याला शाळा सर्रास ‘मस्ती’ म्हणते. ते पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कक्षेत येऊ शकतं. २०१२ च्या या कायद्यानुसार माहिती असलेल्या माणसानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि संस्थाप्रमुखानं दडवलं तर ते दडवणंही गुन्हा. असा फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पाठवू नका. ज्या फोनवर आला तो फोन तसाच पोलिसांना दाखवा. बाकी ऑनलाइन चिडवण्याचे स्क्रीनशॉट वेळ आणि नंबर दिसेल असे ठेवा, ब्लॉक त्यानंतर करा, उत्तर देऊ नका.

टोपणनावात जात असेल तर अर्जात ‘चिडवलं’ असं गुळमुळीत लिहू नका, तोच शब्द लिहा. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाच्या बाबतीत १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एका वर्गात बसवली, तिथल्या शाळेला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये, पण लागतं. वसतिगृहातला किंवा गंभीर मारहाणीचा प्रकार असेल तर १९९९ चा महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदाही आहे: लेखी तक्रारीवर संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य आढळलं तर निलंबन आणि प्रकरण पोलिसांकडं. हत्यार जड आहे. डबा-चष्म्यासाठी मी ते सुचवणार नाही.

सात दिवसांत शाळेनं काहीच केलं नाही तर पोच जोडून पुढं जा: पाचवी ते दहावीचं हायस्कूल असेल तर जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (माध्यमिक), प्राथमिक असेल तर प्राथमिकचे, महापालिकेची शाळा असेल तर प्राथमिक शिक्षण समितीचे प्रशासनाधिकारी. शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असते. ती पेटी कोण, किती दिवसांनी उघडतं ते विचारा. आणि समुपदेशक कोण, कोणत्या वारी येतात तेही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा.

मुलाच्या मनाकडं कधी वेगळं लक्ष द्यायचं? झोप, भूक, खेळणं, मित्र यांतल्या दोन-तीन गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त बिघडल्या, मार्क एकदम घसरले, हातावर कंपासच्या टोकाचे ओरखडे दिसले, किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही कानावर आलं, तर थांबू नका. सरळ विचारा: ‘जगू नये असं वाटतं का? काही करायचं मनात आलंय का?’ विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ किंवा नुसतं गप्प राहणं असेल तर त्याला एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या कुलपात घाला, आणि शेती असेल तर तणनाशक-कीटकनाशकाचे डबे त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याकडं. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर (१४४१६) चोवीस तास मराठीत मोफत बोलता येतं, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे औषध देऊ शकणारे डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. बहुतेक मुलांना आधी बोलण्याचे उपचार आणि शाळेतला बदल पुरतो, काहींना औषध लागतं. आजीच्या झोपेच्या गोळीतली अर्धी देणं हा उपचार नाही.

एवढं सगळं वाचून ‘महिनाभर शाळाच नको’ असं वाटेल. तसं करू नका. दोन-तीन दिवसांची रजा ठीक, पण घरी जितके दिवस जातात तितकं परत जाणं अवघड होतं. फारच घाबरला असेल तर शाळेशी ठरवून पहिले दोन दिवस त्याच्या आवडत्या दोन तासांपुरता, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस, आणि रोज गेटवर ठरलेले एक शिक्षक त्याला घ्यायला. शाळा बदलणं सगळ्यात शेवटी. कोल्हापूर एवढंसं, ट्यूशन तीच, मैदान तेच, आणि टोपणनाव नव्या शाळेत त्याच्या आधी पोचलेलं असतं.

सोमवारी अर्ज दिलात तर पुढच्या सोमवारी शाळा भरायच्या आधी पोच घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. दोन आणि चार आठवड्यांच्या आढाव्याच्या तारखा तिथंच डायरीत लिहून घ्या. त्या दिवशी मुलाला नकाशा पुन्हा काढायला सांगा आणि आधीच्या कागदाशेजारी ठेवा. व्हॅन हिरवी झाली आणि जिना अजून लाल असेल, तर पुढचं बोलणं जिन्याबद्दल.